वेबच्या भाषेचे पुस्तक कोणत्या सालचे?

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या पुस्तकांच्या बाबतीत नागपूरचा दबदबा जुना आहे, कारण देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हातोहात फिरलेल्या ‘लेट अस सी’चे लेखक यशवंत कानेटकर याच शहरातले. अशा पुस्तकाची जुनी प्रत सीनियरने ज्युनियरला द्यावी किंवा बर्डीच्या बाजारात सेकंडहँड घ्यावी, यात गैर काही नव्हते. सी ही सावकाश बदलणारी भाषा आहे. कर्निहन आणि रिची यांचा तिच्यावरचा मूळ ग्रंथ १९७८ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये आली आणि आजही तीच वाचली जाते.

हीच सवय पीएचपीसारख्या भाषेला लावली, तर मात्र विद्यार्थ्याची फसगत होते. पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्टिंग भाषा आहे, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरला मिळणारे पान ती पाठवण्यापूर्वी तयार करते. रॅस्मस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ मध्ये जाहीर केली आणि वर्डप्रेसही तिच्यातच लिहिलेले आहे. गेल्या दशकभरात तिची नवी आवृत्ती साधारण दरवर्षी निघत आली आहे, त्यामुळे तिच्या पुस्तकाची किंमत किंवा जाडी पाहण्याआधी ते कोणत्या सालचे आहे हे पाहिले पाहिजे.

मुखपृष्ठावर ‘नवी आवृत्ती’ तर नेहमीच छापलेली असते, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. त्यापेक्षा लॉगिनचे प्रकरण उघडावे. जुन्या पुस्तकात फॉर्ममधून आलेले नाव जसेच्या तसे डेटाबेसच्या प्रश्नवाक्याला जोडलेले आढळते. मग कोणी नावाच्या जागी एकेरी अवतरणचिन्ह आणि त्यापुढे नेहमीच खरी ठरणारी अट टाइप केली, की पासवर्डची तपासणी निकामी होते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. त्यावरचा उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट हा आहे. त्यात किमतींच्या जागा मोकळ्या ठेवून वाक्य आधी पाठवले जाते आणि किमती मागाहून वेगळ्या दिल्या जातात, त्यामुळे त्या वाक्याचा भाग होऊच शकत नाहीत. जुन्या पुस्तकांतली ‘मायएसक्यूएल’ने सुरू होणारी फंक्शन्स डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली, म्हणून ती उदाहरणे आज चालतच नाहीत आणि विद्यार्थी दोष स्वतःच्या टायपिंगला देतो. तरीही हे परवडले. खरा धोका पासवर्ड ‘एमडी५’ने साठवायला सांगणाऱ्या पानात आहे, कारण ते आजही विनातक्रार चालते. एमडी५ म्हणजे पासवर्डचा ठसा (हॅश), आणि तो फार झटपट काढता येतो, त्यामुळे चोरीला गेलेल्या यादीवर अंदाज लढवणाऱ्याचे काम सोपे होते. २०१३ मध्ये ५.५ या आवृत्तीत आलेले ‘पासवर्ड हॅश’ हे फंक्शन मुद्दाम संथ ठेवलेले आहे आणि ते प्रत्येक पासवर्डात वेगळी मिसळ घालते.

पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये प्रत्येक फंक्शनच्या नावाखाली ते कोणत्या आवृत्तीत चालते हे नोंदलेले असते. त्याची मराठी आवृत्ती नाही आणि ते क्रमवार शिकण्यासाठी लिहिलेलेही नाही. शब्दकोश वाचून कोणी भाषा शिकत नाही, तसेच हे आहे. इंग्रजीत अडखळणाऱ्यांना आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातले मराठी निवेदनाचे छोटे पाठ सुरुवातीला आधार देतात, मात्र सालाची कसोटी त्यांनाही लावावी. बीसीए-बीसीसीएच्या परीक्षेसाठी विकल्या जाणाऱ्या गाइडांबद्दल एवढेच म्हणता येईल की ती परीक्षेत पास करून देतात.

मराठी विद्यार्थ्याला आणखी एक कसोटी लावावी लागते आणि इंग्रजी पुस्तकांच्या परीक्षणांत ती सहसा सापडत नाही. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एखाद्या अडत्याच्या संत्र्यांच्या आवकेची नोंद ठेवणारे पान करायचे ठरवले, तर शेतकऱ्याचे नाव आणि गाव देवनागरीत येणार. ‘नागपूर’ या शब्दाची लांबी ‘स्ट्रलेन’ या फंक्शनला विचारली तर उत्तर १८ येते, कारण यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, ३ बाइट घेते आणि स्ट्रलेन बाइट मोजते, ‘एमबी (म्हणजे मल्टीबाइट) स्ट्रलेन’ ६ सांगते, डोळ्यांना मात्र ना, ग, पू, र अशी ४ अक्षरे दिसतात आणि तेवढी मोजण्यासाठी ‘ग्राफीम स्ट्रलेन’ लागते. साध्या ‘सबस्ट्र’ने पहिले १० बाइट कापले, तर पडद्यावर ‘नाग’ उमटते आणि त्यापुढे एक मोडके चिन्ह. स्ट्रिंगच्या प्रकरणात मल्टीबाइट फंक्शन्सचा उल्लेखही नसलेले पुस्तक एरवी कितीही चांगले असले, तरी अडत्याच्या या पानासाठी ते अपुरेच पडते.