एम-थ्री जड की रिअल अ‍ॅनालिसिस?

बारावीनंतर मंठ्याची पोरं पांगतात. काही इंजिनिअरिंगला जालना, संभाजीनगर, नांदेडला. काही जवळच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला. सुट्टीत भेटली की इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपराबद्दल पहिला प्रश्न, "एम-थ्री निघाला का?" मग कुणाचं कॅल्क्युलस जास्त अवघड यावर वाद. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो. पुढच्या वर्षीची पोरं त्यावरूनच वाट ठरवतात.

*

बारावीत डेरिव्हेटिव्हला नियम आहेत. चेन रूल हाताखाली आला की पुढे फक्त सराव. इंटिग्रेशनला तसा हमखास रस्ता नाही. कुठलं सब्स्टिट्यूशन घ्यायचं ते दिसावं लागतं. 'ई'चा उणे क्ष-वर्ग हा घात घ्या. डेरिव्हेटिव्ह एका ओळीत येतो. इंटिग्रल मात्र ओळखीच्या फलनांत लिहिताच येत नाही. लिऊव्हिलच्या एकोणिसाव्या शतकातल्या कामातून हे सिद्ध होतं. वर्गात हे सांगायलाच हवं. नाहीतर पोराला वाटतं, आपल्यालाच जमेना.

*

एम-टूचे डबल-ट्रिपल इंटिग्रल. गणित सोपं, लिमिट लावणं अवघड, कारण आकृती डोळ्यांपुढे येत नाही. आपल्याकडून लोणारचं विवर जवळ. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खोली सुमारे १३७ मीटर. पॅराबोलॉइड धरा: घनफळ साधारण १७ कोटी घनमीटर. काठावर उभं राहून आलेल्या पोराला लिमिट लगेच सापडतात.

*

एम-थ्री: लाप्लास, फूरिअर. पसारा मोठा, पण पायऱ्या ठरलेल्या. ग्रेवालचं पुस्तक नेटानं सोडवलं की निघतो.

*

बी.एस्सी.चं रिअल अ‍ॅनालिसिस वेगळं. १ + १/२ + १/३ + १/४... पदं शून्याकडे जातात, तरी बेरीज कुठेच थांबत नाही. दहा ओलांडायला १२,३६७ पदं लागतात, पण ओलांडतेच. इथे उत्तर काढायचं नसतं, पटवून द्यायचं असतं. लाइबनिट्सचा कॅल्क्युलसवरचा लेख १६८४चा, कोशीचं पुस्तक १८२१चं. लिमिट नीट बांधायला गणितज्ञांना जवळपास दीड शतक लागलं. आपण ते एका सत्रात मागतो.

*

माझ्या मते आपल्या पोरांना अ‍ॅनालिसिसच जास्त जड. बहुतेकांची दहावी मराठीतून, अकरावीपासून सायन्स इंग्रजीतून. एम-थ्रीत भाषा कमी लागते. लिमिटच्या एप्सिलॉन-डेल्टा व्याख्येत मात्र वाक्याचा क्रम बदलला की अर्थच बदलतो. म्हणून व्याख्या आधी मराठीत म्हणून घ्यावी: तू कितीही लहान एप्सिलॉन दे, मी त्याला पुरेल असा डेल्टा देतो. मग उलटं विचारावं: सगळ्या एप्सिलॉनांना पुरेल असा एकच डेल्टा आधी मागितला तर? त्या बिंदूच्या आसपास, तो बिंदू सोडून, स्थिर असलेली फलनंच तेवढी उरतील. हे ज्याला स्वतःहून सापडलं, त्याला पुढची प्रमेयं पाठ करावी लागत नाहीत.