रिक्षेसाठी जागा

मालवणात भाड्याने घर पाहायला जाणाऱ्याने आधी मान वर करून पाहावे, असे आम्ही हल्ली सांगतो. अंगणावर माड असला, तर त्याखाली वाहन ठेवता येत नाही. नारळाचे सोडाच, वाळकी झावळ कोसळली तरी रिक्षेचे कापडी छत फाटते. शिवाय समुद्राचा खारा वारा पत्रा खातो, आणि जूनपासून पावसाची झोड असतेच.

हे शहाणपण आम्हांस गेल्या वर्षी आले. आमच्या धर्मग्रामातील एका रिक्षाचालकाच्या घरी भावाभावांत वाटण्या झाल्या आणि त्याला बिऱ्हाड हलवावे लागले. पत्नी, दोन मुली आणि पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली रिक्षा, एवढा त्याचा संसार. “फादर, घर गावता, पण गाडी खंय लावू?” मिस्सा आटोपल्यावर तो म्हणाला. धर्मगुरूच्या शब्दाला घरमालक मान देतील, या समजुतीने आम्ही त्याच्याबरोबर निघालो.

मान मिळाला, चहाही मिळाला. भरड, देऊळवाडा, वायरी अशी आमची पायपीट झाली. तारकर्ली-देवबागला पर्यटकांची रीघ लागल्यापासून ज्याच्यापाशी दोन खोल्या जादा आहेत, तो त्या दिवसाच्या भाड्याने देतो. वर्षभराचे बिऱ्हाड त्याला नको असते. त्यास दोष देणे आम्हांस जमले नाही. मासेमारीच्या बेभरवशाच्या उत्पन्नावर मुलांची शिक्षणे करणाऱ्याने मे महिन्यातील पाहुणा का सोडावा? जुन्या वाड्यांत घरे रिकामी होती, परंतु जांभ्याच्या दोन गडग्यांमधील पाणंद माणसांसाठी आणि गुरांसाठी आखलेली. तीन चाके तिथे शिरत नाहीत.

एका नव्या इमारतीत, खांबांखाली, ऐसपैस जागा होती. ‘ती आम्ही बिल्डरकडून वेगळे पैसे मोजून घेतली, पाहुण्यांच्या मोटारींसाठी राखली आहे,’ असे मालक म्हणाले. इमारतीखालची अशी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निर्णय आहे. तो आम्ही तत्परतेने ऐकवला. मालकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि वरची सदनिकाही द्यायची नाही असे ठरवले. आमच्या विद्वत्तेपायी त्या कुटुंबाचे एक घर गेले.

अखेर चर्चपासून पाच मिनिटांवर, पाणंदीच्या आत, दोन खोल्या मिळाल्या. अकरा महिन्यांचा करार मात्र आम्ही आग्रहाने नोंदवून घेतला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लेखी करार करून तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावरच टाकली आहे. तोंडी बोलीवर राहणाऱ्या आमच्या लोकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

रिक्षा रस्त्याकडेला राहू लागली. दुसऱ्याच आठवड्यात रात्री कुणाच्या तरी वाहनाने तिची एक बाजू चेपली. चार दिवस धंदा बंद राहिला, कर्जाचा हप्ता थकला. हे आम्हांस त्याच्या पत्नीकडून कळले.

चर्चचे आवार प्रशस्त आहे. पर्यटक तिथे मोटारी लावत आणि बाटल्या टाकून जात, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हीच फाटकाला साखळी व कुलूप घातले होते. दर रविवारी तो त्याच फाटकातून मिस्सेला येत असे. का विचारले नाहीस, असे आम्ही म्हटले, तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, “कुलूप तुमीच घातलात, फादर. मगे कसा विचारू?”

बेथलेहेमात योसेफ आणि मरिया यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, यावर आम्ही त्याच नाताळात प्रवचन केले होते. बरेच रंगले होते, असे लोक म्हणाले. (आपण गोठ्यात मांडतो त्या गाढवाचा लूकच्या शुभवर्तमानात उल्लेख नाही, त्यामुळे ते कुठे बांधले, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता.)

धर्मग्राम परिषदेत एक-दोघांनी हरकत घेतली. आज रिक्षा, उद्या टेम्पो येईल, हे त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. तरीही किल्लीची दुसरी प्रत झाली. आता विहिरीच्या बाजूला, माडांपासून दूर, रिक्षा उभी असते. कुडाळला पहाटेची गाडी पकडणारे प्रवासी असले की तो साडेचारला येतो आणि आमची झोप मोडू नये म्हणून इंजिन सुरू न करता रिक्षा फाटकापर्यंत हातांनी ढकलत नेतो. आम्ही त्या वेळी जागेच असतो. त्याला अजून सांगितलेले नाही.