पप्पांची फाईल

पप्पांची फाईल म्हणजे साडीच्या दुकानातली एक कापडी पिशवी. तिच्यात दहा-बारा वर्षांचे रिपोर्ट, बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या. ती पिशवी मी पहिल्यांदा नीट उघडली ती मागच्या वर्षी, पप्पांची डावी किडनी काढून झाल्यावर.

झालं असं की, जेवल्यावर पोटात उजवीकडे दुखतं म्हणून त्यांनी सांगलीत सोनोग्राफी केली. संशय पित्ताच्या खड्यांचा होता आणि खडे निघालेही. पण रिपोर्टच्या शेवटी अजून एक ओळ होती. डाव्या किडनीत गाठ. लघवीतून रक्त नाही, ताप नाही, पाठ दुखत नव्हती. पप्पा डॉक्टरांना म्हणाले, "अहो, पण मला तिथं काहीच होत नाही." डॉक्टर म्हणाले, "किडनी पोटाच्या मागं, खोल असते. अशा बऱ्याच गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात."

ऑपरेशन पुण्यात झालं. रिपोर्ट आला, क्लिअर सेल कार्सिनोमा. या पेशींमध्ये चरबी आणि ग्लायकोजेन साठलेलं असतं. स्लाईड बनवताना ते विरघळून जातं आणि पेशी रिकाम्या, स्वच्छ दिसतात, म्हणून हे नाव. गाठ ७ सेंटिमीटरच्या आत आणि किडनीपुरती असती तर स्टेज एक. पप्पांची गाठ किडनीभोवतीच्या चरबीत शिरली होती. स्टेज तीन.

त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावले आणि फोनवर शीट बनवली. नोकरीच ही आहे माझी, आकडे ओळीत लावायची. बीपी १५०/९४. गोळ्या सुरू, मग 'बरं वाटतंय' म्हणून बंद, मग परत सुरू. ट्रायग्लिसराईड २२८. एचडीएल ३४. उपाशीपोटी साखर ११२, शेजारी कुणीतरी पेनानं लिहिलेलं, 'बॉर्डरलाईन'. आमच्या घरात बॉर्डरलाईन म्हणजे पास.

मेटाबॉलिक सिंड्रोमचे निकष पाच आहेत. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बायकांची ८०. ट्रायग्लिसराईड १५० किंवा वर. एचडीएल पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या. बीपी १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचपैकी तीन जुळले की सिंड्रोम. पप्पांचे चार कागदावरच जुळत होते. कंबर कुणी मोजलीच नव्हती, पण ती दिसत होती.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. यातले दोन रिपोर्ट पप्पांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवले होते. मी वर स्क्रोल करत गेलो. दोन्हींच्या खाली माझा अंगठा. ऑफिसमध्ये सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरली तरी रात्री दोन वाजता माझा फोन वाजतो आणि मी उठतो. तो अलर्ट मीच लावलाय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं, "हे यामुळंच झालं का?" त्यांनी सरळ उत्तर दिलं. लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि तंबाखूचं धूम्रपान यांनी किडनीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे पक्कं आहे. असे आजार असलेल्यांमध्ये गाठ पुढच्या स्टेजला सापडते असं काही अभ्यासांत दिसलंय, पण सगळ्या अभ्यासांचं उत्तर एकसारखं नाही. आणि एका माणसाबद्दल 'यामुळंच' असं कुणालाच म्हणता येत नाही. मग म्हणाले, "मागचं सोडा. आता एकच किडनी आहे. बीपी आणि साखर तिला नक्की खराब करतात. मनानं पेनकिलर घेऊ देऊ नका."

म्हणजे ज्या आकड्यांचा गाठीशी किती संबंध होता ते कधीच कळणार नाही, त्यांचा उरलेल्या किडनीशी मात्र थेट संबंध आहे. पप्पा आता रोज बीपी मोजून वहीत लिहितात. लोणचं-पापडावरून आईशी भांडण होतं, ते वेगळं.

गणपतीला गावी गेलो तेव्हा पप्पा म्हणाले, "तुझं काय?" मी म्हटलं, "मी बारीक आहे, पप्पा." पण २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो आला होता, पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडच्या बारीक माणसाच्याही पोटात चरबी लपलेली असते, हे मी वाचलेलं होतं. वाचून सोडून दिलेलं होतं.

पप्पांनी आईच्या शिलाई मशीनवरची टेप आणली. "पँटचा नंबर सांगू नकोस. पोट आत घेऊ नकोस." ९३ भरली.

पुण्यात आल्यावर रक्त तपासलं. ट्रायग्लिसराईड १८६, बाकी ठीक. पाचपैकी दोन. रिपोर्टचा फोटो पप्पांना पाठवला.

त्यांनी अंगठा पाठवला नाही. फोन केला.