हरणीची आठवण

उन्हाळ्याच्या सुट्टीत बडोद्याला आलात, तर मुलांना सूरसागर दाखवाच. मधोमध उभी शंकराची भव्य मूर्ती त्यांना आवडेल. मी मात्र तिथे हरणी तलावाचीही गोष्ट सांगतो. १८ जानेवारी २०२४ रोजी त्या तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका, १४ जीव गेले. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हते.

तेव्हापासून कुठल्याही नावेत चढण्याआधी मी डोकी मोजतो, प्रत्येक जॅकेटचा पट्टा ओढून बघतो. पोहता येणाऱ्या मुलालाही जॅकेट हवेच. एक जरी कमी पडले, तरी आम्ही काठावरच थांबतो. मुले रुसतात, कुल्फी मिळाली की हसतात.