वय बघू नका, फिटनेस बघा

पाथर्डी-शेवगाव रोडला एमएच १६ पासिंगची मारुती ८०० आजही भेटतेच. उत्पादन २०१४ लाच बंद झालं. माझ्या गाडीनेही विशी ओलांडलीय. ७९६ सीसीचं साधं इंजिन, गावातला मेस्त्रीसुद्धा खोलतो. रात्री-अपरात्री एसटी नसते, तेव्हा म्हातारीला नगरला दवाखान्यात न्यायला हीच कामाला येते.

१५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली. २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारला थेट १०,०००. धूर ओकणारी गाडी खुशाल भंगारात काढा, मान्य. पण तपासणीत पास झालेल्या गाडीला वयाचा दंड कशाला? जुनी गाडी ही हौस नाही राव, ऐपत आहे.

तुमच्या जुन्या गाडीचा अनुभव काय? कमेंटमध्ये लिहा.