दप्तर कुणाच्या घरात?



पेठ वडगावातल्या आमच्या घरी दारामागच्या कोनाड्यात एक काळी पेटी रात्रंदिवस गुणगुणत असते. पाहुणे विचारतात, "इन्व्हर्टर आहे का?" आम्ही सांगतो, "नाही, दप्तर आहे." लोक हसतात. पण हा शब्द आम्ही गंमत म्हणून वापरत नाही. तो का वापरतो आणि ही पेटी आम्ही का बांधली, ते आज सांगायचे आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये वारणा आणि पंचगंगेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर आम्ही काही कार्यकर्ते वारणाकाठच्या गावांत धान्य आणि चादरी घेऊन गेलो. एका घरात एक मावशी दोरीला चिमटे लावून फोटो वाळवत होत्या. लग्नाचे, जयंतीच्या मिरवणुकीचे, धम्मदीक्षेचे. बहुतेकांवरचे चेहरे वाहून गेले होते. शेजारच्या घरात भीमगीतांची हाताने लिहिलेली वही होती, तिचा लगदा झाला होता. धान्य परत मिळते, भांडी परत येतात. त्या वहीचे काय?

त्या दिवसापासून आम्ही गोळा करायला लागलो. जुने फोटो, परिषदांची पत्रके, लग्नपत्रिका, अत्याचाराच्या प्रकरणांतले अर्ज, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. एका वयोवृद्ध गायकाकडून जुन्या आंबेडकरी जलशांतली गाणी अडीच तास रेकॉर्ड केली. सगळे एका बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर ठेवले. एका संध्याकाळी वायर पायात अडकली आणि डिस्क टेबलावरून खाली पडली. पुन्हा जोडली तर आतून नुसता टक् टक् आवाज. डेटा काढून देणाऱ्याने सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही गप्प झालो. वर्गणी काढून ती भरली, तेव्हा निम्मे परत आले. ती गाणी आली नाहीत. पुन्हा रेकॉर्ड करावीत म्हणून आम्ही गेलो, तर ते गायक अंथरुणाला खिळलेले होते. २०२१ साली ते गेले.

मित्रांनो, इथे दोष कुणाला द्यायचा? ती गाणी कुणा मनुवाद्याने पळवली नाहीत. आमच्याच हलगर्जीपणाने ती गेली. आपला इतिहास दडपला गेला असे आपण व्यासपीठावरून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण जो आपल्या हातात होता, तो आपण कसा सांभाळला, हा प्रश्नही स्वतःला विचारला पाहिजे.

बाबासाहेबांच्या आयुष्यातच याचे धडे आहेत. १९१७ साली ते लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराने बुडाली आणि जमवलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९६७ मध्ये दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरच्या घरातून सामान बाहेर काढले गेले, तेव्हा त्यांचे कितीतरी कागद उघड्यावर पडून पावसात भिजले, नष्ट झाले. उरलेल्या कागदांतून वसंत मून यांच्यासारख्यांनी राबून खंड उभे केले. महाराष्ट्र शासनाने पहिला खंड १९७९ मध्ये काढला. पुढे छपाई इतकी रखडली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. समुद्र, पाऊस आणि सरकारी दिरंगाई, तिन्हींचा अनुभव आपल्याला आहे. तरीही आपण एकाच डिस्कवर भरवसा ठेवतो!

आता दप्तर या शब्दाकडे येऊ. गावगाड्यात जमिनीचा, साऱ्याचा, हक्काचा कागद कुलकर्ण्याच्या घरात असे. कागद त्याच्या घरात म्हणून शब्दही त्याचाच खरा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. दप्तर कुणाच्या घरात असते यावर सत्ता कुणाची हे ठरते, हे त्यांनी ओळखले होते. दोन वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, आमच्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि महाराज तिला आले. त्या परिषदेला आलेल्या माणसांच्या नातवंडांच्या घरांत काय काय आठवणी असतील! त्या कुणी नोंदवायच्या?

म्हणून आम्ही पेटी बांधली. कसे केले ते सविस्तर सांगतो, कारण हे कुठल्याही तालुक्यात जमण्यासारखे आहे.

साधारण १७ सेंटिमीटर चौरस असतो तसा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड घेतला, त्यावर इंटेलचा एन१०० प्रोसेसर. हा फार थोडी वीज खातो. १६ जीबी रॅम, प्रणालीसाठी एक लहान एसएसडी आणि साठवणीसाठी ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क. डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतल्या नाहीत, कारण एकाच खेपेच्या डिस्क एकदमच आजारी पडण्याचा धोका असतो. पहिली डिस्क स्वस्त म्हणून आणली ती एसएमआर प्रकारची निघाली. या प्रकारात माग एकमेकांवर चढवून लिहितात, त्यामुळे बिघाडानंतर भरणी करताना ती रडतखडत चालते. ती बदलली आणि चारही सीएमआर घेतल्या. एसएमपीएस चांगल्या प्रतीचा घेतला, कारण चार डिस्क एकदम फिरायला लागतात तेव्हा वीज क्षणभर जास्त लागते.

वर ट्रूनॅस ही मोफत प्रणाली बसवली. चार डिस्कची मिळून १६ टीबी होते, पण आम्ही वापरायला ८ टीबीच ठेवली. उरलेल्या जागेत अशी माहिती साठते की चारपैकी कुठल्याही दोन डिस्क मेल्या तरी सगळे शाबूत राहते. मुलांनी विचारले, "निम्मी जागा वाया का घालवता?" आम्ही म्हणालो, ती अडीच तासांची गाणी आठवा. मोबाइलवर काढलेला तासाभराचा व्हिडिओ ७-८ जीबी होतो. म्हणजे हजारभर तासांच्या मुलाखती यात बसतात. एवढ्या तरी आधी करून दाखवू.

पेटी साधारण ४० वॅट घेते, म्हणजे दिवसाला एक युनिटही नाही. लाइट गेली तर यूपीएस तिला शिस्तीत बंद करतो. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात डिस्क तापायला लागल्या, तेव्हा मोठा पंखा लावला आणि पेटी माळ्यावरून खाली आणली. महिन्यातून एकदा प्रणाली प्रत्येक फाइल तपासते आणि कुठे अक्षर बिघडले असेल तर दुरुस्त करते.

पण चार डिस्क म्हणजे चार प्रती नव्हेत. पेटी चोरीला गेली, जळली, बुडाली, तर चारही एकदम जातील. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून नदीपासून दूर, दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे ठेवली आहे. तिसरी, निवडक सामग्रीची, इंटरनेटवर आहे. "सगळेच इंटरनेटवर का ठेवत नाही?" असे विचारणारे भेटतात. फुकटची जागा लगेच संपते, खाते एकाच माणसाच्या फोनला बांधलेले असते, तो माणूस गेला की कुलूप कायमचे. आणि अत्याचारग्रस्त बाईने विश्वासाने सांगितलेली कहाणी आम्ही परक्याच्या घरी ठेवायला तयार नाही. ती आमच्याकडेही कुलूपबंद आहे, आणि तिच्या संमतीशिवाय उघडत नाही.

हे सगळे आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगत होतो, तेव्हा धाकट्या बहिणीने विचारले, "दादा, कुलकर्ण्याचं वतन गेलं म्हणून भाषणं ठोकता, आन् पासवर्ड मात्र तुमच्या एकट्याच्या डोक्यात?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आमच्याच घरात नवा कुलकर्णी बसला होता, आणि तो आम्हीच होतो. आता पासवर्ड तिघांकडे आहे, त्यातल्या दोघी बाया आहेत. काय साठवायचे, काय उघडे ठेवायचे, हे बैठकीत ठरते. डिस्क बदलायची कशी, हे बहिणीने वहीत मराठीत लिहून भिंतीला टांगले आहे. मागच्या पावसाळ्यात एक डिस्क गेली, तेव्हा आम्ही बाहेरगावी होतो. तिने वही बघून ती एकटीने बदलली. काहीही गेले नाही.

तरुणांनो, प्रत्येकाने पेटी बांधावी असे आमचे म्हणणे नाही. पाच जणांत एक पुरे. पण आज घरी गेल्यावर एवढे करा. आजीजवळ बसा, जुना फोटो काढा, त्यात कोण आहे, कुठल्या सालचा आहे हे विचारून मागे पेन्सिलीने लिहा. त्याची प्रत काढा आणि दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी पाठवा. नाव माहीत असलेले माणूस गेले की उत्तम डिस्कवरचा फोटोही मुकाच राहतो.

त्या गायकांचा एक फोटो आमच्याकडे उरला आहे. हात वर उचललेला, तोंड उघडे. आवाज नाही. पेटीतल्या पहिल्या फोल्डरमध्ये तोच ठेवला आहे, म्हणजे आम्ही विसरणार नाही.

जय भीम!