बिंदु आणि रंग

सुटी जवळ आली कीं कांहीं पालक आम्हांस शाळेच्या फाटकाशीं गांठतात व विचारतात, "सर, चिरंजीव खेळांसाठीं 'फोर-के' मॉनिटर मागतात. तो घेतलाच पाहिजे काय?" हट्ट चिरंजिवांचा, पैसा पालकांचा, आणि तोही बेताचा! म्हणून या प्रश्नाचा येथें थोडा विचार करूं.

पडद्यावरील चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखें असतें. 'फुल एचडी' पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात. 'फोर-के'वर ते बरोबर चौपट होतात. परंतु डोळ्यासही मर्यादा आहे. निरोगी दृष्टीस सुमारें एका कलेहून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाहून, सूक्ष्म भेद सहसा दिसत नाहीं. २७ इंची पडद्यावर आडवे २५६० व उभे १४४० ठिपके असले आणि खेळणारा ८० सेंटिमीटर दूर बसला, तर ते ठिपके त्यास जवळजवळ वेगळे दिसेनासे होतात. दिवाणखान्यांत दूर बसणाऱ्यास तर त्याहून अधिक ठिपक्यांचा उपयोग थोडाच. शिवाय चौपट ठिपके रंगविण्याचा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. सेकंदास ६० चित्रें हवीं असतील, तर प्रत्येकास वेळ मिळतो एक साठांश सेकंद. कार्ड दुबळें असलें कीं खेळ अडखळलाच.

रंगांची गोष्ट निराळी. १९९६ सालीं एचपी व मायक्रोसॉफ्ट यांनीं 'एसआरजीबी' हें रंगांचें माप सुचविलें. आजही बहुतेक पडदे त्यावरच चालतात. चित्रपटगृहांसाठीं ठरविलेलें 'पी-थ्री' हें माप त्याहून सुमारें एक चतुर्थांशानें विस्तृत असून त्यांत तांबडे व हिरवे रंग अधिक गडद दाखवितां येतात. मावळतीचें आकाश किंवा वणव्याची ज्वाला कितीही दुरून पाहिली तरी हा फरक लोपत नाहीं, आणि कार्डावर तसा भारही पडत नाहीं. मात्र खेळ त्या मापानें रचलेला हवा. जुना खेळ अशा पडद्यावर तसाच लावला तर माणसांचे चेहरे उन्हांत रापल्यासारखे तांबडे दिसतात. ही भडक शोभा कांहीं मुलांस फार आवडते; आम्हांस ती आवडत नाहीं.

तेव्हां केवळ खेळासाठीं, १४४० ओळींपर्यंत पोहोंचल्यावर उरलेला पैसा रंगांवर खर्चावा, असें आमचें मत आहे. पण त्याच पडद्यावर अभ्यासही व्हावयाचा असेल, तर ठिपक्यांचें पारडें पुन्हा जड होतें. आपलीं जोडाक्षरें, रफार व अनुस्वार विरळ ठिपक्यांत घोटाळतात, आणि दोन तास वाचणाऱ्या मुलाचे डोळे त्याची किंमत देतात.

आमच्या एका विद्यार्थ्यास तांबड्या-हिरव्यांतील भेद नीट कळत नाहीं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हा दोष शेंकडा सुमारें ८ जणांस असतो, म्हणजे तो कांहीं अपूर्व नव्हे. खेळांत मित्रांवर हिरवी व शत्रूंवर तांबडी खूण असे. हा मित्रांवरच नेम धरी, आणि सोबती त्यास हंसत. वडिलांनीं कर्ज काढून उंची रंगांचा पडदा आणण्याचें मनांत घेतलें होतें. आम्हीं त्यांना थांबविलें, व मुलाजवळ बसून खेळाची मांडणी उघडली. तेथें खुणांचे रंग निळा व पिवळा करण्याची सोय होती. त्यास एक पैही पडली नाहीं. जुन्याच पडद्यावर तो त्या संध्याकाळीं दिवेलागणीपर्यंत खेळत होता.